झॉम्बी

हैती या कॅरिबियन देशातील लोकसमजुतीनुसार, ज्याचे शरीर किंवा आत्मा मृत्यूनंतर मांत्रिकाच्या ताब्यात गेला आहे आणि जो स्वतःची इच्छा गमावून धन्यासाठी राबतो, असा मृत. हैतीयन क्रिओल भाषेत उच्चार ‘झोन्बी’ असा होतो. १९६८ नंतरच्या अमेरिकन चित्रपटांमुळे हेच नाव थडग्यातून उठून माणसे खाणाऱ्या आणि चाव्याने रोग पसरवणाऱ्या प्रेतांच्या झुंडीला लागले. नरमांसभक्षण, संसर्ग आणि जगाचा अंत यांपैकी एकही गोष्ट हैतीच्या परंपरेत नाही. तेथे झॉम्बी कोणाला इजा करत नाही, लोकही त्याला फारसे भीत नाहीत. धास्ती असते ती आपला किंवा आपल्या घरच्या मृताचा कोणी झॉम्बी करील याची. चित्रपटांच्या चाहत्यांसाठी लिहिलेल्या बहुतेक पुस्तिकांत हा फरक एका ओळीत उरकलेला असतो.

उगम : कल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. नावाचे मूळ बहुतेक अभ्यासक काँगो-अंगोला भागातील बांटू भाषांत शोधतात. किकोंगोतील ‘न्झांबी’ (ईश्वर) आणि किंबुंडूतील ‘न्झुंबी’ (मृताचा आत्मा) हे शब्द त्यासाठी पुढे केले जातात आणि त्यांतील दुसरा अर्थाने अधिक जवळचा आहे. कॅरिबियन बेटांचे मूळ रहिवासी असलेल्या अरावाकांच्या ‘झेमी’ या देवतावाचक शब्दाशी जोडलेला संबंध आता मागे पडला आहे. छापील उल्लेख सतराव्या शतकाच्या अखेरीस, १६९७ च्या सुमारास, ग्वादलूप बेटावर घडणाऱ्या एका फ्रेंच कथेत येतो. पण तेथील झॉम्बी हा अदृश्य आत्मा आहे. मार्तिनिक या कॅरिबियन बेटावर जन्मलेले लेखक मोरो द सँ-मेरी यांनी १७९७ मध्ये ‘आत्मा, भूत’ एवढाच अर्थ दिला. १८८७ ते १८८९ या काळात मार्तिनिकमध्ये राहिलेले लेखक लाफ्काडियो हर्न यांना तेथील मुलीने सांगितलेली उदाहरणे आणखी निराळी आहेत : शेजारून जाणारा तीन पायांचा घोडा, किंवा रात्री हमरस्त्यावर दिसणारा मोठा जाळ, जो आपण जवळ जावे तसा पुढे सरकतो. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या या नोंदींत राबणारे प्रेत कोठेही नाही. ते केव्हा आले, हा खरा प्रश्न आहे.

एका मतानुसार त्याचा जन्म सँ-दोमँग (आजचे हैती) या फ्रेंच वसाहतीच्या उसाच्या मळ्यांत झाला. १७९१ च्या उठावापूर्वी या वसाहतीत सुमारे पाच लाख गुलाम होते. जन्मापेक्षा मृत्यू अधिक असल्याने ही संख्या आफ्रिकेतून नवी माणसे आणूनच टिकवली जाई. मेल्यावर आत्मा समुद्रापार ‘गिने’ला, म्हणजे पूर्वजांच्या आफ्रिकेत, परत जातो अशी गुलामांची श्रद्धा होती. मरणानेही सुटका होऊ नये आणि मेलेल्या हातांनाही कोयता धरावा लागावा, ही कल्पना त्या जगात सुचणे स्वाभाविक होते, असा या मताचा आधार. त्याविरुद्ध अकरमान आणि गोथिए या अभ्यासकांनी १९९१ मध्ये दाखवून दिले, की मृताला देहाने किंवा आत्म्याने राबवण्याच्या समजुती पश्चिम व मध्य आफ्रिकेतही आढळतात. बीज आफ्रिकेतील आणि त्याला आलेले वेठबिगारीचे रूप मळ्यांतील, असे मानल्यास दोन्ही मतांना फारसा धक्का लागत नाही. मात्र १८०४ मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाच्या पहिल्या शतकातील ग्रामीण साक्ष त्रोटक असल्याने कालनिश्चिती सैलच ठेवावी लागते.

दोन प्रकार : व्हूडू या हैतीच्या आफ्रिकी मुळांच्या लोकधर्माच्या विचारात माणसाच्या आत्म्याचे दोन मुख्य घटक मानतात : प्राण टिकवणारा ‘ग्वो बोन आंज’ आणि व्यक्तित्व धारण करणारा ‘ती बोन आंज’. या घटकांच्या नावांबाबत व कार्यांबाबत गावोगावी आणि अभ्यासकांतही तफावत आहे. ‘बोकोर’, म्हणजे मोबदला घेऊन चांगली-वाईट अशी दोन्ही कामे करणारा मांत्रिक, व्यक्तित्व काढून घेतो आणि उरलेले शरीर राबवतो, तेव्हा तो ‘झोन्बी कादाव’ किंवा देह-झॉम्बी. याउलट देह थडग्यात कुजत असताना आत्म्याचा अंश पकडून बाटलीत ठेवला, तर तो ‘झोन्बी आस्त्राल’. देहवाला प्रकार जगभर गाजला, पण हैतीच्या रोजच्या व्यवहारात बाटलीवालाच अधिक भेटतो. अभ्यासक एलिझाबेथ मॅकॲलिस्टर यांनी १९९५ मध्ये अशा एका बाटलीचे सविस्तर वर्णन केले. लाल, काळ्या व पांढऱ्या कापडात गुंडाळलेली, भोवती आरसे लावलेली आणि मानेशी कात्री बांधलेली ही बाटली एका बोकोराने त्यांच्यासाठीच तयार केली होती. असे आत्मे धंद्याच्या बरकतीसाठी किंवा घराच्या राखणीसाठी ठेवतात. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात रस्त्यांवर निघणारी ‘रारा’ वाद्यपथके गर्दी ‘तापवण्यासाठी’ स्मशानातून ते जणू उसने घेतात. व्हूडूचे रीतसर पुरोहित (उंगान व मांबो) या सर्व प्रकारापासून स्वतःला वेगळे ठेवतात.

देह-झॉम्बी होऊ नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या खबरदारीच्या नोंदी मानवशास्त्रज्ञ आल्फ्रेद मेत्रो यांच्या १९५८ मधील ग्रंथात आहेत. प्रेताचे ओठ शिवतात, म्हणजे बोकोराने हाक मारली तरी त्याला ओ देता येऊ नये. किंवा शवपेटीत नेढे नसलेली सुई व तिळाचे दाणे ठेवतात. मृत दोरा ओवत किंवा दाणे मोजत बसतो आणि हाकेकडे त्याचे लक्ष जात नाही. काही कुटुंबे कुजणे सुरू होईपर्यंत थडग्यावर पहारा ठेवतात.

झॉम्बीला मीठ चालत नाही. ते जिभेला लागताच त्याला भान येते. याची सर्वांत प्रसिद्ध कथा विल्यम सीब्रुक या अमेरिकन लेखकाने १९२९ मध्ये छापली. हैतीवर अमेरिकी लष्कराचा ताबा (१९१५–३४) असतानाचा तो काळ. १९१८ मध्ये ऊस अमाप आला. हास्को या साखर कंपनीला मजूर हवे होते, म्हणून ती-जोझेफ नावाचा एक मुकादम फाटक्या कपड्यांतील, शून्य नजरेच्या मजुरांची टोळी घेऊन आला. मजुरी तोच खिशात घाली. सणाच्या दिवशी त्याच्या बायकोला त्यांची दया आली आणि तिने त्यांना ‘ताब्लेत’ घेऊन दिले. या वड्या म्हणजे आपल्या चिक्कीसारखा काकवीच्या गुळात घातलेल्या दाण्यांचा प्रकार. दाणे आधीच मीठ लावून भाजलेले होते, हे तिला ठाऊक नव्हते. खाताच टोळीने हंबरडा फोडला आणि सगळे आपल्या गावच्या स्मशानाकडे चालू लागले. तेथे थडग्यांची माती उकरता उकरता त्यांची पुन्हा प्रेते झाली. ऐकीव कथेला सीब्रुकने चढवलेला रंग उघड दिसतो. तरी विदेशी कारखाना, मुकादम आणि बुडालेली मजुरी हा तिचा सांगाडा कल्पित वाटत नाही. पुढे हैतीचे लेखक फ्रँकेतिएन यांनी १९७५ मध्ये हैतीयन क्रिओलमध्ये लिहिलेल्या कादंबरीत हेच मीठ दडपशाहीविरुद्ध जागे होण्याचे प्रतीक झाले; त्या वेळी देशावर दुव्हालिए घराण्याची हुकूमशाही होती.

कायदा : हैतीच्या दंडसंहितेचे कलम २४६ या विषयात नेहमी उद्धृत होते (सीब्रुकनंतरच्या लेखनात ते पुष्कळदा २४९ असे छापले जाते). प्रत्यक्ष मृत्यू न घडवता दीर्घ ग्लानी आणणारे पदार्थ देणे हा विषप्रयोग ठरतो, आणि त्यानंतर त्या व्यक्तीला पुरले गेल्यास तो खून समजावा, असा त्याचा आशय आहे. हा मजकूर साधारणतः १८६४ च्या दुरुस्तीतला मानतात. ‘हैतीच्या कायद्याने झॉम्बीचे अस्तित्व मान्य केले’ असा त्याचा अर्थ चाहत्यांच्या लेखनात लावतात, पण कलमात झॉम्बी हा शब्द नाही.

विषचूर्णाचा वाद : झॉम्बी ‘खरे’ आहेत का, हा प्रश्न विज्ञानाच्या दारात पहिल्यांदा आला तो १९३६ मध्ये. एन्नेरी गावाजवळ भटकणाऱ्या एका स्त्रीला एका कुटुंबाने १९०७ मध्ये वारलेली आपली नातलग म्हणून ओळखले. अमेरिकन लेखिका व लोकसंस्कृतीच्या अभ्यासक झोरा नील हर्स्टन यांनी रुग्णालयात तिचे छायाचित्र घेतले व ती झॉम्बी असल्याचे मान्य केले. ओळखीचा एक आधार होता तिचे लंगडणे. मृत स्त्रीचा पाय मोडलेला होता. मानसोपचारतज्ज्ञ लुई मार्स यांनी क्ष-किरण चित्र काढून पाहिले तर हाड कधी मोडल्याची खूणच नव्हती. पोटभर अन्न मिळू लागल्यावर लंगडणेही गेले. मार्स यांनी हे १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. हर्स्टन यांच्या छायाचित्राला मिळाली त्याच्या अंशानेही प्रसिद्धी त्याला मिळाली नाही.

दुसरे प्रकरण क्लेर्व्हियस नार्सिस यांचे. देशापेल येथील आल्बर्ट श्वाइट्झर रुग्णालयात २ मे १९६२ रोजी ते मृत घोषित झाले आणि त्यांचे दफन झाले. १९८० मध्ये लेस्तेर गावच्या बाजारात एका इसमाने त्यांच्या बहिणीला गाठून ‘मी क्लेर्व्हियस’ असे सांगितले. जमिनीच्या भांडणातून भावाने आपल्याला विकले आणि उत्तरेकडील मळ्यावर आपण राबलो, असे त्याचे म्हणणे होते. मृत्यूची नोंद परदेशी डॉक्टर असलेल्या रुग्णालयाची असल्याने मानसोपचारतज्ज्ञ लामार्क दुयों यांना प्रकरण महत्त्वाचे वाटले. त्यातूनच १९८२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक वेड डेव्हिस हैतीत आले.

बोकोरांकडून मिळवलेल्या चूर्णांत डेव्हिस यांना भेक, मानवी हाडे, खाजरी वनस्पती आणि जवळजवळ प्रत्येक नमुन्यात केंड मासा (पफर फिश) आढळला. या माशातील टेट्रोडोटॉक्सिन मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग बंद करते. स्नायू लुळे पडतात, श्वास मंदावतो, पण शुद्ध राहू शकते. जपानमध्ये ‘फुगू’ खाऊन झालेल्या विषबाधांत हे नोंदलेले आहे. चूर्णाने मृत्यूचा आभास होतो, पुरलेल्याला रात्री उकरून काढतात आणि धोतरा (हैतीत ‘कोंकोंब झोन्बी’, म्हणजे झॉम्बीची काकडी) चारून त्याचे भान घालवतात, असे डेव्हिस यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या मांडणीचा दुसरा भाग सामाजिक होता : गावाचा अपराध करणाऱ्याला ‘बिझांगो’ या गुप्त मंडळाने दिलेली ही शिक्षा आहे, आणि विष जे अर्धवट करते ते बळीची स्वतःची श्रद्धा पूर्ण करते.

आक्षेप कडक होते. काओ व यासुमोतो या विषतज्ज्ञांनी १९८६ मध्ये नमुने तपासले, तेव्हा विषाचे प्रमाण नगण्य निघाले. काही नमुने इतके अल्कधर्मी होते, की त्यात टेट्रोडोटॉक्सिन टिकणेच कठीण. चूर्ण ठिकठिकाणी वेगवेगळ्या ताकदीचे होते, असे उत्तर डेव्हिस यांनी दिले. संशोधनासाठी थडगे उकरण्याच्या प्रसंगी त्यांनी उपस्थित राहावे का, हा नैतिक प्रश्नही निघाला. मुख्य अडचण रसायनशास्त्राबाहेरची आहे. या विषबाधेतून पहिला दिवस तरून गेलेला माणूस सहसा बरा होतो. वर्षानुवर्षे टिकणारी आज्ञाधारकता त्यातून निघत नाही, आणि धोतऱ्याने माणूस बरळतो, उसाच्या फडात शिस्तीने राबत नाही. बिझांगोविषयीचा भाग मात्र आजही विचारात घ्यावा असा आहे.

मानसोपचारतज्ज्ञ लिटलवुड व दुयों यांनी १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तीन झॉम्बींची तपासणी प्रसिद्ध केली. एकीला स्किझोफ्रेनिया, दुसऱ्याला मेंदूची इजा व अपस्मार आणि तिसरीला बौद्धिक अपंगत्व असल्याचे निदान झाले. डीएनए चाचणीत त्यांतील दोघे ज्या घरी ‘परत’ आले होते, त्या घरचे नव्हतेच. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला शोकाकुल कुटुंब आपला मृत म्हणून घरी आणते, हे या लेखातील स्पष्टीकरण मार्स यांच्या निष्कर्षाशीही जुळते. सर्व प्रकरणे त्यात बसतात असे नाही, पण उपलब्ध स्पष्टीकरणांत तेच सर्वांत कमी गृहीतकांवर उभे आहे.

चित्रपट आणि चाहते : सीब्रुकच्या पुस्तकानंतर तीन वर्षांनी, १९३२ मध्ये, बेला लुगोसी यांची भूमिका असलेला पहिला पूर्ण लांबीचा झॉम्बीपट आला. त्यातील साखर कारखान्याच्या दृश्यात एक मजूर चरकात पडतो आणि बाकीचे काम न थांबवता फिरत राहतात. १ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्ग येथे जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ प्रथम दाखवला गेला, तेव्हा मळा, मांत्रिक व धनी सगळेच गळले. सुमारे १,१४,००० डॉलरांत तयार झालेल्या या कृष्णधवल चित्रपटात रक्ताऐवजी चॉकलेटचे सिरप वापरले होते आणि त्यात झॉम्बी हा शब्द उच्चारलेला नाही. तेथील प्रेते ‘घूल’ (मढी खाणारी पिशाच्चे) आहेत. ऐनवेळी नाव बदलताना प्रतींवरून स्वामित्वहक्काची सूचना गळाली आणि चित्रपट सर्वांना मोकळा झाला. कोणालाही तो दाखवता, छापता व विकता येऊ लागला. निर्मात्यांचे नुकसान झाले, पण मध्यरात्रीचे खेळ, दूरचित्रवाणी आणि स्वस्त व्हिडिओ कॅसेट यांतून चाहत्यांचा वर्ग घडला तो याच मोकळिकीमुळे.

या वर्गाची तीर्थक्षेत्रे पेनसिल्व्हेनियात आहेत : ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’च्या सुरुवातीच्या दृश्याची इव्हान्स सिटीतील दफनभूमी, जिथले मोडकळीस आलेले प्रार्थनागृह चाहत्यांच्या वर्गणीतून वाचले, आणि रोमेरो यांच्याच १९७८ मधील पुढच्या चित्रपटाचे मन्रोव्हिल मॉल, जेथे दुकाने बंद झाल्यावर रात्रभर चित्रीकरण चाले. झॉम्बीचा वेश करून रस्त्याने लंगडत जाण्याच्या मिरवणुका सॅक्रामेंटोत २००१ मध्ये व टोरांटोत २००३ मध्ये निघाल्या. अनेक शहरांत त्यांना अन्नपेढीसाठी डबाबंद धान्य गोळा करण्याची जोड मिळाली. चाहत्यांतील जुना वाद प्रेतांनी चालावे की धावावे हा आहे. रोमेरो अखेरपर्यंत चालण्याच्या बाजूचे होते. मे २०११ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने झॉम्बींच्या हल्ल्याची पूर्वतयारी या निमित्ताने आपत्तीत घरी काय ठेवावे हे सांगितले, तेव्हा वाचकांच्या गर्दीने संकेतस्थळ बंद पडले.

भारतात हा प्रकार चित्रपटांतूनच आला. २०१३ मध्ये गोव्यात घडणारा ‘गो गोवा गॉन’ हा हिंदी चित्रपट आणि २६ जानेवारी २०२२ रोजी आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ हा डोंबिवलीत घडणारा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. दोन्ही विनोदी अंगाचे व रोमेरोच्या वळणाचे आहेत. झॉम्बीची तुलना कधी कधी वेताळाशी केली जाते, ती वरवरची आहे. वेताळ प्रेतात शिरतो तो स्वतःच्या मर्जीने, राजाला कोडी घालतो, आणि कोकण-गोव्यात ग्रामदेवता म्हणून पुजलाही जातो. हैतीच्या झॉम्बीजवळ मर्जी हीच एक गोष्ट उरलेली नसते.