आयसीयूतली न घडलेली आठवण

आयसीयूतून घरी आलेल्या माणसाला रात्री दचकवून उठवणारी आठवण बऱ्याचदा घडलेलीच नसते. सिस्टर सलाइनमधून विष सोडत होत्या, आपल्याला बांधून कुठेतरी पळवून नेलं, असं तो शपथेवर सांगतो. गुंगीची औषधं, जंतुसंसर्ग आणि तुटक झोप मिळून मेंदूत जो गोंधळ उडतो, त्याला डेलिरियम म्हणतात. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठाने पुढाकार घेतलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८२१ रुग्ण होते आणि त्यातल्या ७४ टक्क्यांना तो झाला होता. घरचे मात्र ‘म्हातारपणी बरळतायत’ म्हणून सोडून देतात.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळच्या व्हिस्टन रुग्णालयात क्रिस्टिना जोन्स आणि सहकाऱ्यांना २००१ साली एक चमत्कारिक गोष्ट दिसली. ज्यांना आयसीयूतलं खरोखरचं काही आठवत होतं, अगदी नकोसं का असेना, ते पुढे मनाने बरे राहिले. फक्त भास आठवणारे जास्त पोळले. मग त्या काळाची डायरी देऊन पाहिली. सिस्टर आणि नातेवाईक रोज दोन-चार ओळी लिहीत, फोटो चिकटवत. महिनाभराने ती रुग्णाला समजावून देत. युरोपातल्या ३५२ रुग्णांच्या चाचणीत, आघातोत्तर तणावाचा विकार (भयंकर अनुभवाच्या आठवणी पुढेही छळत राहणं, म्हणजेच पीटीएसडी) नव्याने जडलेले डायरीवाल्या गटात ५ टक्के निघाले, दुसऱ्या गटात १३.

इटलीत फ्लॉरेन्सच्या कारेज्जी रुग्णालयाने मानसशास्त्रज्ञांनाच खाटेपाशी नेलं, नातेवाइकांशीही बोलायला लावलं. तिथले आकडे उत्साहवर्धक होते. पण तुलना आधीच्या काळातल्या रुग्णांशी होती, म्हणून हातचं राखूनच वाचावेत. शिवाय २०१९ साली दोन धक्के बसले. फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत डायरीने फरक पडला नाही. ब्रिटनमध्ये २४ आयसीयूंच्या चाचणीत निम्म्या ठिकाणच्या नर्सेसना तीन दिवसांचं प्रशिक्षण देऊन मानसिक आधाराची सत्रं घ्यायला लावली. सहा महिन्यांनी या विकाराची लक्षणं दोन्हीकडे जवळपास तेवढीच.

माझ्या मते त्यातून एवढंच कळतं, की हे काम तीन दिवसांत शिकवून उरकण्यासारखं नसावं. भास ओळखणं, रुग्णाची चेष्टा न करता तो ऐकून घेणं, त्याचा धागा खऱ्या घटनेशी जोडून देणं (मनगट नळ्या ओढू नयेत म्हणून बांधलं होतं, पळवून न्यायला नव्हे) यात मुरलेला माणूस लागतो. आपल्याकडे असा माणूस क्वचितच भेटतो. तोवर घरच्यांनी तारीखवार टिपणं ठेवावीत, रुग्णाने विचारलं की घडलं तसं सांगावं आणि महिन्यानंतरही वाईट स्वप्नं थांबली नाहीत, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं.