अ‍ॅक्शन आरपीजी खेळांतील भटकंती आणि कोडी

अ‍ॅक्शन आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादे पात्र होऊन खेळायचा खेळ) हा व्हिडिओ गेमचा असा प्रकार, की ज्यात लढाई बोटांच्या चपळाईवर चालते आणि पात्राची ताकद मात्र आकड्यांनी वाढते. शत्रू मारला की एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळतो, एक्सपी साठला की लेव्हल चढते, आणि काल ज्या राक्षसाने धूळ चारली तोच आज चार घावांत आडवा होतो. या हिशेबात भटकंती आणि कोडी ही दोन अंगे वेगळी पडतात. पन्नासाव्या लेव्हलचा योद्धा असला तरी बंद दरवाज्यावरची चित्रे त्याला आपोआप जुळवता येत नाहीत. ती खेळणाऱ्यालाच जुळवावी लागतात. पात्र किती वाढले हे खेळ मोजतो, खेळणारा किती शिकला हे मोजत नाही. ते शिकणे बरेचसे या दोन ठिकाणी घडते, आणि लढायांच्या मध्ये तोंडी लावायला ठेवलेली करमणूक म्हणून त्यांच्याकडे पाहिले की हा प्रकारच नीट समजत नाही.

भटकंती म्हणजे कथेने आखून दिलेली वाट सोडून खेळातले जग स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे. कोडे या शब्दाचा अर्थ खेळाडूंच्या बोलण्यात बराच सैल आहे. खांब फिरवणे, दगड ढकलणे, खुणा जुळवणे हे त्यात येतेच, पण ‘इथे वर चढायचे तरी कसे’ हा प्रश्नही कोडेच. चांगल्या खेळांत भटकंती कुठे संपते आणि कोडे कुठे सुरू होते हे सांगणे अवघड जाते.

जपानी गेम सेंटरमधील वह्या

या प्रकाराची मुळे १९८४च्या जपानमध्ये सापडतात. त्या एका वर्षात निहोन फाल्कॉमचा ‘ड्रॅगन स्लेयर’, टी अँड ई सॉफ्टचा ‘हायडलाइड’ आणि नामकोचा ‘द टॉवर ऑफ ड्रुआगा’ हे तिन्ही आले. कोड्यांच्या दृष्टीने ड्रुआगा सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत छळवादी. मासानोबू एंडो यांनी रचलेला हा नाण्यांवर चालणारा आर्केड खेळ. साठ मजल्यांचा मनोरा, त्यात गिल्गामेश नावाचा वीर, आणि बहुतेक प्रत्येक मजल्यावर दडवलेली एक पेटी. ती पेटी कशी प्रकट होईल हे खेळ कुठेही सांगत नाही. पहिल्या मजल्यावर तीन हिरवे स्लाइम (चिकट गोळ्यांसारखे शत्रू) मारले की भिंत फोडायची कुदळ मिळते. हे अपघाताने तरी कळते. पुढच्या अटी मात्र कुणाच्या स्वप्नातही येणार नाहीत अशा, आणि काही वस्तू हुकल्या तर मनोरा पुराच होत नाही.

एकट्याने हे सोडवायचे म्हणजे खिसा रिकामा होणार हे उघड होते. मग गेम सेंटरमध्ये ठेवलेल्या वह्यांत लोक आपापले शोध लिहू लागले: अमुक मजल्यावर अमुक केले, पेटी आली. अनोळखी माणसांनी मिळून एक खेळ उलगडला. कोडे म्हणून ड्रुआगाच्या अटी अन्यायकारकच होत्या, कारण न्याय्य कोड्यात उत्तराचा धागा कुठेतरी दिसायला हवा आणि इथे तो नव्हता. पण गुपितामुळे माणसे एकमेकांशी बोलू लागतात हे त्या वह्यांनी दाखवून दिले.

१९८६ साली आलेल्या निन्टेन्डोच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ने हा धागा जास्त माणुसकीने पुढे नेला. त्याचे एक निर्माते शिगेरू मियामोतो यांचे बालपण क्योतोजवळच्या सोनोबे गावात गेले. तिथे डोंगरात, गुहांत कंदील घेऊन फिरताना जे वाटायचे ते खेळात उतरवायचे होते, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. झेल्डामध्ये मेणबत्तीने झुडूप जाळले की खाली जिना निघतो, सुरुंगाने खडक उडवला की गुहा. काटेकोर बोलायचे तर हा आरपीजी नव्हे, कारण त्यात एक्सपी नाही, लेव्हल नाही. तरीही भटकंतीचा विषय काढला की त्याला वगळून चालत नाही. पुढच्या जवळपास सगळ्या अ‍ॅक्शन आरपीजींनी त्याच्याकडून उसनवारी केली आहे.

अमेरिकेत १९९२ साली ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’ने वेगळी वाट धरली. चालाल तसा नकाशा आपोआप उमटतो आणि त्यावर खेळणाऱ्याला स्वतःच्या टिपा लिहिता येतात. तळघरातल्या सरडमाणसांशी बोलायचे तर त्यांची भाषा शब्दाशब्दाने शिकावी लागते. इथे कोडे भिंतीवर नाही, संभाषणात आहे.

पेटीच्या मागची भिंत

भटकंतीला किंमत कशाने येते याचे सर्वांत चांगले उत्तर ‘डार्क सोल्स’मध्ये मिळते. हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली फ्रॉमसॉफ्टवेअरने केलेला हा खेळ २०११चा. त्यात नकाशा नाही. सुरुवातीला खेळणारा फायरलिंक नावाच्या पडक्या देवळातून निघतो, वस्तीच्या छपरांवरून, बुरुजांवरून मरत-मरत वर चढतो आणि एका चर्चमध्ये पोचतो. तिथल्या लिफ्टवर पाय ठेवला की ती खाली जाऊ लागते, बराच वेळ जात राहते, आणि दार उघडते ते थेट फायरलिंकच्या अंगणात. तासन्‌तास पालथे घातलेले जग एकावर एक रचलेले होते, हे त्या एका उतरणीत कळते. या लिफ्टने एक्सपी मिळत नाही. पण खेळणाऱ्याच्या डोक्यात तिने जो नकाशा तयार होतो तो पुढे कुणी पुसू शकत नाही.

त्याच खेळात दलदलीच्या तळाशी एका प्रचंड झाडाचे खोड आहे. मुळावरून आत गेले की एका कोपऱ्यात वाट संपते. भिंतीवर वार केला तर ती विरघळते आणि मागे पेटी दिसते. इथवर आलेला माणूस पेटी उघडतो, खूश होतो आणि परत फिरतो. पेटीच्या मागची भिंतसुद्धा खोटी आहे. तीही फोडली तर झाडाच्या पोकळ खोडातून खोल, फार खोल उतरता येते, आणि शेवटी राखेच्या तळ्याकाठी पाय लागतो: फिकट वाळू, क्षितिजापर्यंत उभी असलेली अवाढव्य झाडे आणि एक म्हातारा, निश्चल ड्रॅगन. मुख्य कथेला या जागेची काही गरज नाही. तिथे जायला कुणी सांगत नाही.

निर्मात्यांनी महिनोन्‌महिने खपून बांधलेला एक अख्खा प्रदेश बऱ्याच खेळाडूंच्या नजरेलाही पडणार नाही, हे माहीत असताना तो दोन खोट्या भिंतींमागे ठेवला. हुकण्याची शक्यता खरी असल्याशिवाय सापडण्याला मोल येत नाही. प्रत्येकाला हमखास दिसणारे ‘गुपित’ म्हणजे खेळाने दाखवलेला देखावा.

पत्ता सांगणे आणि बाण दाखवणे

‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतल्या लागोपाठच्या दोन खेळांत स्वतः शोधणे आणि खेळाने दाखवणे यांतला फरक स्वच्छ दिसतो. २००२च्या ‘मोरोविंड’मध्ये काम सोपवणारी पात्रे गावाकडे पत्ता सांगावा तशी वाट सांगत: पूल ओलांडा, नदीच्या कडेने जा, फाट्याला डावीकडे वळा. ते डायरीत उतरायचे आणि मग डोंगरात पुन्हापुन्हा डायरी उघडून वाचत चालायचे. २००६च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये होकायंत्रावर बाण आला. वाट चुकण्याचा वैताग गेला, आणि त्याच्याबरोबर आजूबाजूला पाहण्याचे कारणही गेले. नजर पडद्याच्या एका कडेला चिकटली. बाणाच्या बाजूनेही बोलण्यासारखे बरेच आहे: दिवसभर काम करून रात्री तासभर खेळायला बसणाऱ्याला फाटा शोधण्यात तो तास घालवायची हौस नसते.

पुढे नकाशे खुणांनी भरून गेले. २०१५चा ‘द विचर ३’ लेखनासाठी वाखाणला जातो आणि ते रास्तच आहे. पण त्याच्या स्केलिगे बेटांभोवतीच्या समुद्रात पेरलेली प्रश्नचिन्हे खेळाडूंच्या थट्टेचा कायमचा विषय झाली. होडी हाकत जायचे, पाण्यातली पेटी उपसायची, पुढच्या प्रश्नचिन्हाकडे वळायचे. याला भटकंती म्हणवत नाही, ही हजेरी झाली.

फ्रॉमसॉफ्टवेअरच्याच २०२२च्या ‘एल्डन रिंग’ने मधला मार्ग काढला. नकाशा आहे, पण त्याचे तुकडे स्वतः शोधावे लागतात, आणि चालाल तसा त्याचा कागद मोठा होत जातो. जग केवढे आहे याचा अंदाज पंचवीस-तीस तासांनंतरही चुकतो. एका धुकट रानात विहिरीसारख्या वास्तूत लिफ्ट आहे. खाली उतरल्यावर वर पाहावे तर जमिनीच्या पोटात ताऱ्यांनी भरलेले आभाळ. याच खेळात काही बंद मनोऱ्यांच्या दारात ‘तीन शहाणे प्राणी शोध’ एवढाच निरोप मिळतो. शहाणे प्राणी म्हणजे कासवे, अंधुक चमकणारी. एक पाण्यात असते, एक झाडावर. उत्तर कळले की हसू येते, आणि पुढचा मनोरा दिसला की नजर आपोआप कासवे हुडकू लागते.

कोड्याचा कस

लढाईप्रधान खेळात कोडे घालणे अवघड असते, कारण खेळणारा अडला की लढाईचा तोल जातो. म्हणून बरेच निर्माते कोडे इतके सोपे करतात की ते दाराच्या कडीसारखे उरते. ‘स्कायरिम’ (२०११) मधला सोन्याचा पंजा याचे बोलके उदाहरण आहे. सुरुवातीच्याच एका जुन्या थडग्यात गोल दरवाजा लागतो, त्यावर एकात एक तीन कडी, प्रत्येकावर प्राण्यांची चित्रे. पंजा चोराकडून मिळालेला असतो. त्या चोराच्या डायरीत लिहिलेले असते की उत्तर तळहातावरच आहे. सामानाच्या यादीत जाऊन पंजा उलटा करून पाहिला की त्याच्या तळव्यावर अस्वल, पतंग आणि घुबड कोरलेले दिसतात. वस्तू हातात घेऊन फिरवून पाहता येते हेच मुळात अनेकांना त्या क्षणी कळते, आणि म्हणून हे कोडे पहिल्यांदा झकास आहे. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या थडग्यात तीच युक्ती पुन्हा येते, आणि तिथे शोधायला काही उरलेले नसते.

उलट टोकाला २०१७चा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आहे. हाही लेव्हल नसलेला खेळ, पण १२० देवळ्या आणि प्रत्येकीत एखादी परीक्षा अशी त्याची रचना पुढच्या अनेक आरपीजींनी अभ्यासली. त्याचे वैशिष्ट्य असे की निर्मात्यांनी उत्तर ठरवण्याऐवजी आग, वारा, पाणी, वीज यांचे नियम ठरवले. विजेची दोन टोके जोडायची असतील तर तिथला लोखंडी ठोकळा सरकवणे हे अपेक्षित उत्तर. पण आपल्याकडच्या तलवारी आणि ढाली जमिनीवर ओळीने टाकल्या तरी वीज वाहते, कारण धातूतून वीज वाहते हा नियम साऱ्या जगाला लागू आहे. खेळणाऱ्याला आपण फसवणूक केली असे वाटते आणि खेळ दार उघडून ती मान्य करतो. त्यातच ९०० कोरोक (लपून बसणारे छोटे वनजीव) विखुरलेले आहेत, दगडाखाली, फुलांच्या रांगेत, सुळक्याच्या टोकावर. सगळे शोधून काढणाऱ्याला बक्षीस म्हणून सोनेरी शेणगोळ्यासारखी एक निरुपयोगी वस्तू मिळते. आकडा पुरा करण्यासाठी फिरू नका, असे याहून सभ्य शब्दांत सांगता आले नसते.

‘डायब्लो’ घराण्याचे गणित वेगळे. १९९६च्या मूळ खेळापासून तिथली तळघरे दर नव्या डावात नव्याने रचली जातात, त्यामुळे एका ठरलेल्या जागी गुपित लपवणे जमत नाही. शोध चालतो तो लुटीचा. तरी पहिल्या खेळाच्या वेळी गायींच्या गुप्त लेव्हलची अफवा इतकी पसरली, की ‘डायब्लो २’ (२०००) मध्ये निर्मात्यांनी ती लेव्हल खरोखर केली. खेळ जिंकल्यावर पहिल्या छावणीत परत यायचे, विर्ट नावाच्या मुलाचा लाकडी पाय आणि गावी परतण्याच्या मंत्रांचे पुस्तक एकत्र करायचे, की लाल दार उघडते आणि पलीकडे कुऱ्हाडी घेतलेल्या गायी उभ्या.

पुण्यातून

भारतात या अंगाने नाव घ्यावे असा खेळ म्हणजे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०). असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली राजी, आणि निवेदन करणारे विष्णू व दुर्गा. रुळलेल्या अर्थाने हा आरपीजी नाही आणि आडवाटाही फारशा नाहीत. वाट बहुतेक सरळ आहे. पण त्यातली चित्रकोडी लक्षात राहतात. दगडी चकतीची कडी फिरवत चित्र जुळवले की भावाबहिणीची एखादी जुनी आठवण पुरी होते. वाटेतल्या भिंतींवर पुराणकथा रंगवलेल्या आहेत. थांबून पाहिले तर निवेदक त्या सांगतात, न थांबता पुढे गेले तर काही अडत नाही.

गुपिते आणि इंटरनेट

आज कोणताही खेळ बाजारात आल्यावर काही दिवसांतच त्याची सगळी उत्तरे विकी आणि व्हिडिओंत मांडलेली असतात. त्यामुळे भटकंतीचे मोल संपले अशी तक्रार होते. ती अर्धीच खरी आहे: उत्तर बघायचे की नाही हे अजून खेळणाऱ्याच्याच हातात असते. त्याहून जास्त नुकसान करते ते खेळातलेच सोबतचे पात्र, जे कोड्यासमोर उभे राहून दहा सेकंद होत नाहीत तोच ‘ते चाक फिरवून पाहूया का?’ म्हणते.

फ्रॉमसॉफ्टवेअरच्या खेळांत जपानी गेम सेंटरमधल्या वहीची सोय खेळातच आहे. खेळाडू जमिनीवर ठरावीक शब्दांतून जुळवलेले निरोप सोडतात आणि ते इतरांच्या जगात दिसतात. काही खरे असतात, बरेचसे थापा. साध्या भिंतीपुढे ‘पुढे गुप्त वाट’ असे लिहून ठेवायचे आणि अनोळखी माणूस भिंत बडवत बसेल या कल्पनेने हसायचे, हा तिथला आवडता उद्योग. मग मार्च २०२२ मध्ये ‘एल्डन रिंग’च्या ज्वालामुखीवरच्या हवेलीत एका खेळाडूला अशी भिंत सापडली, जी एका घावाने नाही तर पन्नासेक घावांनी नाहीशी होत होती. ते मुद्दाम ठेवले होते की चुकून राहिले होते यावर वाद रंगले, आणि तोवर जगभरचे लोक आपापल्या डावातल्या भिंतींवर मोजून पन्नास घाव घालू लागले होते.