स्वमग्न माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही, हा समज आला कुठून?

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांना इतरांच्या भावना कळत नाहीत, असं आजही सर्रास सांगितलं जातं. या मुलांच्या कितीतरी आयांचा अनुभव उलटा असतो. घरात मोठ्यांचं बिनसलेलं असतं, कुणी आवाजही चढवलेला नसतो, तरी मूल त्या दिवशी घास घेत नाही, कान दाबून कोपऱ्यात बसून राहतं. मग तज्ज्ञांचं मत असं का बनलं?

१९४३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांवर निबंध लिहिला. ऑटिझमची आजची ओळख बरीचशी तिथून आली. या मुलांचा भावनिक संपर्कच जन्मतः बिघडलेला आहे, असं त्यांनी मांडलं. त्यातल्या एका मुलाला टाचणी टोचली, तर तो टाचणीला घाबरला, टोचणाऱ्या माणसाला नाही. निरीक्षण बारकाईचं होतं, पण ते बाहेरून केलेलं होतं. मुलाच्या आत काय चाललं होतं, ते त्यातून कळण्याजोगं नव्हतं. पुढे दोन-अडीच दशकं, मूल असं झालं ते आईच्या थंडपणामुळे, असा दोष देण्यात गेली. त्यात किती आया नाहक होरपळल्या!

१९८५ मध्ये लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी दोन बाहुल्यांचा प्रयोग केला. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तिच्यामागे अ‍ॅन ती डब्यात लपवते. परत आल्यावर सॅली गोटी कुठे शोधेल? २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी डब्याकडे बोट दाखवलं. दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज त्यांना बांधता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. आता यात भावना कुठे आहे? सॅली रडत असती तर त्या मुलांना काय वाटलं असतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. तरीही 'अंदाज बांधता येत नाही' याचं लोकांच्या तोंडी 'काही वाटतच नाही' असं झालं. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे झालं.

२००४ साली समानुभूती, म्हणजे दुसऱ्याची भावना ओळखणं आणि ती आपल्याला जाणवणं, मोजणारी प्रश्नावली आली. चारचौघांत कसं वागावं हे मला कळत नाही, अशा आशयाचं विधानही तिच्यात होतं. त्याला 'हो' म्हणणाऱ्याचे समानुभूतीचे गुण कमी होतात.

दुसरी बाजू मांडली जाऊ लागली ती २००७ च्या सुमारास. स्वित्झर्लंडमधले हेन्री आणि कामिला मार्क्रम यांनी म्हटलं, की स्वमग्न मेंदूला जग कमी नाही, फार तीव्रतेने जाणवतं आणि म्हणून तो आत मिटून घेतो. हेन्री स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. त्यांचा आधार मुख्यतः उंदरांवरचे प्रयोग असल्याने शंका घेतल्या गेल्या, त्या रास्तच आहेत. २००९ मध्ये अ‍ॅडम स्मिथ (प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ नव्हे, आजच्या काळातले संशोधक) यांनी समानुभूतीचे दोन भाग वेगळे केले: दुसऱ्याची भावना ओळखणं आणि ती स्वतःला भिडणं. स्वमग्न व्यक्तींत पहिलं कमी आणि दुसरं जास्त असू शकतं, असं त्यांचं गृहीतक. २०१० मध्ये जेफ्री बर्ड आणि सहकाऱ्यांना आढळलं, की दुसऱ्याच्या वेदनेला मेंदू किती प्रतिसाद देतो याचा संबंध ऑटिझमशी नसून स्वतःच्या भावना ओळखता न येण्याशी, म्हणजे अ‍ॅलेक्सिथायमियाशी आहे. तो अनेक स्वमग्न लोकांत असतो, सगळ्यांत नसतो. छातीत काहीतरी दाटून येतं, पण ते रागाचं की दुःखाचं हे सांगता येत नाही. असा माणूस समोरच्याला कोराच वाटणार.

२०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः स्वमग्न आहे, वेगळाच प्रश्न केला: आम्हाला तुम्ही कळत नाही, तसे तुम्हाला आम्ही तरी कुठे कळतो? २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन यांच्या एडिंबरातल्या गटाने कानगोष्टीसारखा प्रयोग केला. फक्त स्वमग्न लोकांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोहोचली. जास्त गळती झाली ती मिश्र साखळीत. पुढच्या मोठ्या प्रयोगात मात्र हा फरकही दिसला नाही.

या अभ्यासांत बोलू न शकणारी माणसं जवळपास नाहीतच. ज्यांना प्रश्नावली भरता येते, गोष्ट सांगता येते, त्यांचंच मोजमाप झालं आहे. कान दाबून बसलेल्या मुलाबद्दल अजून त्याच्या आईच्याच सांगण्यावर विसंबावं लागतं.