'अरिगातो' पोर्तुगीजांनी दिला नाही

पुण्यातल्या घरगुती ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून फिरतो: जपानी 'अरिगातो' हा शब्द पोर्तुगीज 'ओब्रिगादो'वरून आला. जपानला गेलेली मुलं घरी फोनवर पहिल्यांदा ऐकवतात तो हाच शब्द. उच्चार जवळचे, अर्थही एकच, 'धन्यवाद'. त्यामुळे पटणं साहजिक आहे.

पण सालं बघा. पोर्तुगीज जपानला पोचले १५४३ मध्ये. 'अरिगातो'चं मूळ रूप 'अरिगाताशी' त्याच्या कितीतरी आधीचं. इ. स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या 'माकुरा नो सोशी' या जपानी पुस्तकात दुर्मिळ गोष्टींची एक यादी आहे (वाचण्यासारखी आहे!), तिच्या शीर्षकातच हा शब्द येतो. 'अरि' म्हणजे असणं, 'काताशी' म्हणजे अवघड. सहसा न मिळणारं मिळालं, म्हणून आभार. 'ओब्रिगादो' मात्र लॅटिनमधून आलेला; अर्थ 'उपकृत', आणि बाई बोलत असेल तर 'ओब्रिगादा'.

असा दावा आला की व्युत्पत्तिकोशात शब्दाची सर्वांत जुनी नोंद शोधा. पाहुणा यायच्या आधीच वस्तू घरात असेल, तर ती त्याने आणलेली नाही.

जपानीत खरे पोर्तुगीज शब्द आहेतच. पावाला ते 'पान' म्हणतात. आपल्या वडापावातला पाव आणि बटाटा, हे दोन्ही शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेले.