सफरचंद फ्रिटर, घासाएवढे

सफरचंदाच्या बारीक फोडी मैद्याच्या सरबरीत पण दाटसर पिठात कालवून, त्या मिश्रणाचे एका घासात मावतील एवढे गोळे तापलेल्या तेलात सोडून तळलेला गोड पदार्थ. पीठ यीस्टने आंबवलेले असते किंवा बेकिंग पावडरने हलके केलेले असते. तळून झाल्यावर गोळे दालचिनी मिसळलेल्या साखरेत घोळवतात, त्यांवर पिठीसाखर भुरभुरतात अथवा साखरेचा पातळ लेप देतात. ‘फ्रिटर’ ही संज्ञा बरीच सैल असून तिच्याखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात : गाभा काढलेल्या सफरचंदाच्या गोल चकत्या पिठात बुडवून तळणे (जर्मन भाषिक प्रदेशांतील ‘आप्फेलक्युख्ले’ व फ्रान्समधील सफरचंदाचे ‘बेन्ये’ या प्रकारचे), फोडी पिठात कालवून चमच्याने सोडणे, आणि उत्तर अमेरिकेतील बेकऱ्यांमध्ये मिळणारे यीस्टच्या कणकेचे, फोडी दुमडून घातलेले, ओबडधोबड आकाराचे मोठे डोनट. घरगुती घासाएवढा प्रकार कृतीने दुसऱ्या गटातला आहे. चव आणि लेप मात्र त्याने बहुधा तिसऱ्याकडून घेतले आहेत.

व्युत्पत्ती व उगम : ‘फ्रिटर’ हा इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंचमधील ‘फ्रित्यूर’ या शब्दावरून आणि तो उत्तरकालीन लॅटिनमधील ‘फ्रिक्तुरा’ (तळण) या शब्दावरून आला, याविषयी फारसे दुमत नाही. त्यामागील ‘फ्रीगेरे’ या लॅटिन धातूत मात्र तळणे आणि कोरडे भाजणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ज्या संस्कृत ‘भृज्ज्’ धातूपासून मराठीतील ‘भाजणे’ सिद्ध झाले, त्याच्याशी या लॅटिन धातूचे नाते अनेक भाषाभ्यासकांनी जोडले आहे. ध्वनिपरिवर्तनाचे तपशील वादाचे असल्याने ते संभाव्य एवढेच म्हणावे. प्रस्तुत विषयापुरता मुद्दा इतकाच, की शब्दाच्या वंशावळीवरून बुडत्या तेलात तळण्याचे प्राचीनत्व सिद्ध होत नाही.

पदार्थाच्या उगमाविषयी जे विवेचन वारंवार आढळते, त्यात रोमन ‘स्क्रिब्लिता’ हा फ्रिटरचा पूर्वज सांगितला जातो. हे मत जपून स्वीकारावे लागते. केटो या रोमन लेखकाच्या शेतीविषयक लॅटिन ग्रंथात (इ. स. पू. सु. १६०) स्क्रिब्लिताची कृती आहे, परंतु ती चीज व पिठाच्या थरांची असून ‘प्लाकेंता’ या भाजलेल्या पदार्थाप्रमाणेच, फक्त मध न घालता, करावी असे तेथे म्हटले आहे, तळण्याचा उल्लेख नाही. त्याच ग्रंथातील ‘ग्लोबी’ हे गोळे फ्रिटरला कितीतरी जवळचे आहेत. चीज आणि भरडलेले धान्य एकत्र मळून त्याचे गोळे तांब्याच्या भांड्यातील तापलेल्या चरबीत सोडावेत, एका वेळी एक किंवा दोनच तळावेत, दोन काठ्यांनी सारखे उलटवावेत, बाहेर काढून मध चोपडावा आणि वर खसखस भुरभुरावी, असे केटो सांगतो. एका वेळी एक-दोनच गोळे तळावेत ही सूचना थोड्या चरबीचे तापमान राखण्यासाठी असावी. ती आजही तितकीच लागू पडते. तथापि ग्लोबीमध्ये फळ नाही आणि सरबरीत पीठही नाही, त्यामुळे त्यांना सफरचंद फ्रिटरचे थेट पूर्वज मानण्यापेक्षा तळलेल्या गोळ्यांच्या व्यापक कुळातील एक फार जुनी सविस्तर लेखी कृती मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

सफरचंद आणि पीठ यांची स्पष्ट सांगड चौदाव्या शतकाच्या अखेरीस दिसते. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातील आचाऱ्यांशी संबंधित पाककृतिसंग्रहात (सु. १३९०, सॅम्युएल पेग याने १७८० मध्ये छापून प्रसिद्ध केलेला ‘फॉर्म ऑफ क्युरी’) पार्सनिप, स्किरेट हे कंद आणि सफरचंद यांच्या फ्रिटरची एकच सामाईक कृती दिली आहे. ती अशी : फळे व कंद अर्धवट उकडावेत, पीठ व अंडी यांच्या मिश्रणात एल ही मद्याची जात, यीस्ट, केशर आणि मीठ घालावे, फोडी त्यात भिजवून तेलात किंवा चरबीत तळाव्यात आणि बदामाच्या दुधाबरोबर वाढाव्यात. साखरेचा उल्लेख नाही आणि सफरचंद कंदांच्या पंक्तीला बसले आहे, या दोन गोष्टी लक्षणीय आहेत. आजच्या अर्थाने हे निव्वळ गोड पक्वान्न नव्हते, असा निष्कर्ष त्यावरून काढता येतो, जरी एकाच कृतीवर फार मोठा डोलारा उभारू नये. उकडण्याची पायरी कंदांसाठी आवश्यक होती. सफरचंदाला ती बहुधा त्यांच्या संगतीने लागली.

नाव टिकते आणि फळ गळते, असेही घडलेले आहे. डेन्मार्कमधील ‘एब्लेस्किव्हर’ या शब्दाचा अर्थ सफरचंदाच्या चकत्या असा आहे. प्रत्यक्षात आज हे अर्धगोल खळग्यांच्या बिडाच्या तव्यात थोड्या लोण्यावर उलटवत केलेले वाटोळे गोळे असून त्यांत सफरचंद बहुधा नसतेच. आकाराने ते घासाएवढ्या फ्रिटरचे सख्खे भाऊ दिसतात, पण ते बुडत्या तेलातले तळण नव्हे. चीनमधील ‘बासी पिंगग्वो’ या पदार्थात याच्या उलट दिसते : पिठात बुडवून तळलेल्या सफरचंदाच्या फोडी उकळत्या साखरेच्या पाकात घोळवतात, उचलताना पाकाचे तंतू निघतात, आणि फोड गार पाण्यात क्षणभर बुडवली की वरचे आवरण काचेसारखे कडक होते.

आकाराचे महत्त्व : घासाएवढा आकार ही केवळ देखणेपणाची बाब समजली जाते. वस्तुतः या पदार्थातील मुख्य अडचण त्यानेच सुटते. सफरचंदात वजनाच्या सु. ८५ टक्के पाणी असते. फोड तापली की हे पाणी आजूबाजूच्या पिठात उतरते, म्हणून गोळा मोठा असला तर बाहेरून तांबूस होऊनही आत फोडीभोवती कच्च्या, चिकट पिठाचे कडे राहते. पदार्थात उष्णता वहनाने आत शिरण्यास लागणारा वेळ साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ६ सेंमी. व्यासाच्या गोळ्याचा मध्य शिजण्यास ३ सेंमी.च्या गोळ्याच्या जवळजवळ चौपट वेळ लागेल आणि तोवर कवच करपेल. लहान गोळ्यात घनफळाच्या मानाने पृष्ठभाग दुप्पट असतो, म्हणून कुरकुरीतपणाचा वाटाही वाढतो. त्याची किंमत अशी, की तेल धरणारा पृष्ठभागही तेवढाच वाढतो.

तळणाची क्रिया : गोळा १७५ ते १८५ अंश से. तापमानाच्या तेलात पडताच त्याच्या पृष्ठभागावरील पाण्याची वाफ होऊन बुडबुड्यांची झुंबड उडते. पृष्ठभाग कोरडा पडेपर्यंत त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. नंतर मात्र ते झपाट्याने चढते आणि प्रथिने व साखरा यांच्यातील मायार अभिक्रियेने तांबूस रंग व खमंगपणा येतो. आतून बाहेर झोत टाकणारी वाफ तेलाला थोपवून धरते. तेल मोठ्या प्रमाणात शिरते ते गोळा बाहेर काढल्यावर : आतली वाफ निवून दाब उतरतो आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल कवचातील रंध्रांतून आत ओढले जाते. म्हणूनच झाऱ्यात गोळे उचलताच ते झटकून लगेच जाळीवर निथळत ठेवणे हे कागदावर बराच वेळ ठेवण्यापेक्षा उपयुक्त असते. कागदाला टेकलेल्या बाजूस वाफ कोंडून कवच मऊ पडते, ते वेगळेच.

बेकिंग पावडर हे घरगुती कृतीतील तुलनेने अर्वाचीन द्रव्य होय. ॲल्फ्रेड बर्ड याने इंग्लंडमध्ये १८४३ मध्ये ती तयार केली आणि अमेरिकेत एबेन हॉर्सफर्ड याने तीत वापरायच्या कॅल्शियम फॉस्फेटयुक्त आम्लाचे एकस्व (पेटंट) १८५६ मध्ये घेतले. ती प्रचारात येण्यापूर्वी यीस्ट, मद्याचा फेस किंवा फेटलेली अंडी यांवर भिस्त असे. यीस्टच्या पिठाला आंबूस, पावासारखी चव येते. पावडरच्या पिठाला ती येत नाही, परंतु तासाभराची वाट पाहणे वाचते.

सफरचंदाची निवड : आंबट सफरचंदे घ्यावीत असा सर्वसाधारण संकेत असून साखर व तेल यांचा मिट्टपणा मोडण्यासाठी तो योग्यच आहे. आंबटपणा आणि आकार टिकवण्याची क्षमता या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकात निपजलेली ‘ग्रॅनी स्मिथ’ ही जात आंबट असून फोडीचा आकार बऱ्यापैकी राखते; इंग्लंडमधील ‘ब्रॅम्ली’ तितकीच किंवा अधिक आंबट असूनही शिजताच तिच्या पेशी सुट्या होऊन गराचा फेसाळ लगदा होतो. ‘गोल्डन डिलिशस’ गोडसर असूनही फोडी धरून ठेवते. कापलेल्या फोडी काळवंडतात ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकराने (एन्झाइमने) हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने फिनॉली द्रव्यांचे रूपांतर केल्यामुळे. लिंबाच्या रसातील आम्लाने व क जीवनसत्त्वाने ही क्रिया मंदावते. तांबूस कवचाआड आणि दालचिनीच्या रंगात फोडीचा किंचित काळेपणा कोणाला दिसणार, हा प्रश्न येथे गैरलागू नाही. लिंबू घालायचे ते चवीसाठी, असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

घरगुती कृती : दोन मध्यम सफरचंदांची (सु. ३०० ग्रॅ.) साल व बियांचा गाभा काढून साधारण १ सेंमी.च्या फोडी करतात. १२५ ग्रॅ. मैदा, दीड लहान चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, दोन मोठे चमचे साखर व अर्धा लहान चमचा दालचिनीपूड एकत्र चाळून, त्यात एक अंडे व सु. १०० मिलि. दूध घालून पीठ कालवतात. गुठळ्या पूर्णपणे मोडेपर्यंत घोटू नये, कारण जास्त घोटल्याने ग्लुटेन या गव्हातील चिवट प्रथिनाचे जाळे घट्ट होऊन गोळे चिवट होतात. चमचा उलटा केल्यावर पीठ धारेने न वाहता तुटक गोळ्यागोळ्यांनी पडावे.

फोडी पिठात अगदी शेवटी, कढईतील तेल तापत आल्यावर मिसळतात. साखरेच्या संपर्काने फोडींतून रस सुटतो; पंधरा-वीस मिनिटे राहिलेले मिश्रण कडेला पाणचट दिसू लागते आणि मग वरून घातलेल्या मैद्याने ते दाट झाले तरी हलके राहत नाही. खोल कढईत ५ सेंमी. तेल घेऊन ते तापवतात. तापमापी नसल्यास पिठाचा थेंब टाकून पाहतात : तो तळाशी जाऊन लगेच वर आला तर तेल बेताचे, तळाशीच रेंगाळला तर थंड, आणि वरच्यावर क्षणात काळपट झाला तर फाजील तापलेले. दोन चमच्यांच्या साह्याने मिश्रण कढईच्या कडेशी, तेलाच्या अगदी जवळून सोडतात. एका घाण्यात सहा-सात गोळ्यांहून अधिक घालू नयेत. तेल निवते, कवच धरण्यास उशीर होतो आणि गोळे तेलकट होतात. एकूण दोन ते तीन मिनिटांत, मध्ये उलटवून, ते तयार होतात. प्रथम खळाळणारे बुडबुडे विरळ व बारीक झाले, की पाणी पुरेसे गेले असे समजावे. पहिल्या घाण्यातील एक गोळा मोडून पाहण्याचा रिवाज चांगला आहे : आत जाळीदार पीठ आणि मऊ पण आकार न सोडलेली फोड दिसावी, फोडीभोवती ओले कडे दिसल्यास आच कमी करून पुढील घाणा अधिक वेळ तळावा, पीठ घट्ट करण्याच्या नादी लागू नये.

दालचिनी-साखर लावायची ती गोळे गरम असताना, पृष्ठभागावर तेलाचा किंचित ओलावा असेपर्यंत. पातळ लेप मात्र कोमट झाल्यावर, नाहीतर तो वितळून खाली उतरतो. गव्हाच्या पिठात ॲस्पॅराजीन हे ॲमिनो आम्ल आणि साखरा असल्याने १२० अंशांपुढे ॲक्रिलामाइड हे आरोग्यास अपायकारक ठरू शकणारे द्रव्य तयार होते, हे स्वीडनमधील संशोधनातून २००२ मध्ये पुढे आले. त्यामुळे गोळे गडद तपकिरी होईपर्यंत न तळता सोनेरी-तांबूस रंगावर काढणे इष्ट असते. तेलाने पेट घेतल्यास आच बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवावे. पाणी कदापि ओतू नये, कारण ते क्षणात वाफ होऊन जळते तेल उडवते.

फोडींतील ओलावा कवचाकडे सरकत राहिल्याने हे गोळे तासा-दोन तासांतच मऊ पडतात. डब्यात बंद केल्यास ही क्रिया वेगाने होते. लेप न दिलेले गोळे १८० अंश तापमानाच्या ओव्हनमध्ये पाच-सहा मिनिटे ठेवल्यास कवच बरेचसे पूर्ववत होते. मायक्रोवेव्हमध्ये आतील पाणीच आधी तापत असल्याने कवच उलट अधिक लिबलिबीत होते.