तटस्थ मत म्हणजे विरोधी मत नव्हे

पुण्यातल्या कॉलेजांच्या मॉडेल युनायटेड नेशन्समध्ये (विद्यार्थ्यांनी भरवलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अभिरूप सभांमध्ये) एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: तटस्थ राहिलात की मत विरोधात धरलं जातं. हे साफ चूक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या नियम ८६ प्रमाणे ‘उपस्थित आणि मतदान करणारे’ म्हणजे फक्त बाजूने किंवा विरोधात मत देणारे. तटस्थ सदस्य मोजणीत येतच नाहीत.

२ मार्च २०२२ चा युक्रेनवरचा ठराव बघा. बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५. तटस्थांत भारतही होता. ठरावाला लागणाऱ्या दोन तृतीयांश बहुमताचा हिशेब १४६ वर होतो, १८१ वर नाही.

सुरक्षा परिषदेत मात्र किमान ९ होकार लागतातच. त्यामुळे तटस्थ वाढले तर तिथे ठराव पडू शकतो, गोंधळ बहुधा इथलाच. आणि हजेरीला ‘उपस्थित व मतदान करणार’ म्हटलं की तटस्थ राहता येत नाही, हा अनेक मॉडेल परिषदांचा स्वतःचा नियम. महासभेत तो नाही. नवख्या मुलांना हे पहिल्याच सरावात सांगायला हवं.