शेंगांचे तिखट लोणचे (खानदेश)

फरसबी, चवळी, गवार यांसारख्या कोवळ्या शेंगा मीठ, आंबट आणि सढळ हाताने मिरची घालून मुरवण्याचा घरगुती प्रकार. हिवाळ्यात गाजर, फ्लॉवर, मटार एकत्र करून जे मिश्र भाज्यांचे लोणचे घातले जाते, त्याच कुळातला हा पदार्थ. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेलेला खानदेश आज जळगाव, धुळे आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार अशा तीन जिल्ह्यांचा आहे. या पट्ट्यात तिखटाला कोणी हात आखडत नाही, त्यामुळे ‘तिखट’ हे विशेषण इथे खरे तर वेगळे लावायची गरज नसते. गोम आहे ती आंबटाची.

लोणचे म्हटले की डोळ्यांसमोर कैरी येते, आणि शेंगांचे लोणचे बिघडते तेही बहुधा कैरीचा हिशेब शेंगेला लावल्यामुळे. कैरी आपले आम्ल घेऊनच बरणीत उतरते. तिचा सामू, म्हणजे माती परीक्षणाच्या कागदावर शेतकऱ्याला दिसतो तोच पीएच, साधारण ३ च्या आसपास असतो. मीठ, मोहरी आणि तेल हे तिच्या बाबतीत पाठीराखे. मुख्य पहारेकरी ती स्वतःच. फरसबीचा सामू ५.५ ते ६.५, म्हणजे आंबटपणा जवळजवळ नाहीच. सामू ४.६ च्या खाली असला की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम, वाढू शकत नाही. ही ४.६ ची रेघ कैरीने जन्मतःच ओलांडलेली असते, शेंगेला ती ओलांडून न्यावी लागते. ते काम तीन वाटांनी होते: व्हिनेगर ओतून, मिठाच्या पाण्यात आंबवून, किंवा लिंबू-आमचूर घालून.

शेंगा. फरसबीला श्रावण घेवडा असेही म्हणतात. नाव कितीही घरचे वाटले तरी ही वनस्पती मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, मिरचीही तिथलीच. म्हणजे या लोणच्यातले दोन्ही मुख्य घटक समुद्र ओलांडून आलेले आणि मोहरी, हळद, हिंग यांच्या पंगतीला बसून आपले झालेले. लोणच्यासाठी शेंग पेन्सिलीपेक्षा बारीक, सरळ आणि आत दाणे न धरलेली हवी. बाजारात एक शेंग मोडून पाहावी. कट्‌ असा आवाज होऊन दोन तुकडे वेगळे झाले आणि मोडलेल्या जागी पाण्याचा बारीक थेंब दिसला, तर ती घ्यावी. वाकली पण मोडली नाही, किंवा मोडताना कडेचा दोरा लोंबत राहिला, तर ती भाजीला ठीक. चवळीच्या शेंगा कोवळ्या असल्या तर उत्तम मुरतात, फक्त त्या लवकर मऊ पडतात. गवारीची गोष्ट वेगळी. तिच्या बियांत डिंक असतो, त्यामुळे जरा जून शेंग घातली की खार बुळबुळीत होतो. शिवाय अंगचा कडवटपणा लोणच्यात लपत नाही, उलट वर येतो. ती घालायचीच तर बोटाच्या पेराएवढी, अगदी कोवळी घालावी.

कच्च्या फरसबीत फायटोहिमॅग्लुटिनिन हे पोट बिघडवणारे प्रथिन असते. वाळलेल्या राजम्यात ते भरपूर, कोवळ्या शेंगेत त्या मानाने कमी. उकळण्याने ते निकामी होते. शेंगा आधी पाण्यात दहा मिनिटे उकळून घेण्याचे हे एक कारण. दुसरे कारण असे की आम्लात शेंग शिजत नाही. चिंचेच्या पाण्यात डाळ जशी अडून बसते, तशीच कच्ची शेंग व्हिनेगरमध्ये महिनाभर राहिली तरी दाताला चिवट लागते. उकळून काढल्यावर शेंगा लगेच गार पाण्यात टाकाव्यात आणि सुती कापडावर पसरून पूर्ण कोरड्या कराव्यात. घाईत हीच पायरी गाळली जाते, आणि मग दोष मिठाला दिला जातो.

मिरची. दसरा-दिवाळीच्या सुमारास नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची येऊ लागते. शहराच्या आसपास मोकळ्या रानावर ती वाळत घालतात. त्या जागांना पथारी म्हणतात. लांबून पाहिले तर जमिनीवर लाल चादर अंथरल्यासारखे दिसते, आणि जवळ गेल्यावर आधी डोळ्यांना कळते, मग नाकाला. अवकाळी पावसाचा एक शिडकावा या पथारीचे मोठे नुकसान करून जातो. लोणच्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की पिकून लाल झालेली पण न वाळलेली ही मिरची आणि कोवळी फरसबी एकाच हंगामात हाताशी असतात. वाळलेल्या मिरचीचा नुसता जाळ होतो. ओल्या लाल मिरचीत तिखटाबरोबर थोडी गोडी आणि गर असतो, आणि शेंगांना तोच मानवतो.

तिखटपणा देणारे कॅप्सेसिन बियांत तयार होत नाही. ते बिया जिथे चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरांत तयार होते. तेलात ते छान विरघळते, पाण्यात जवळजवळ नाहीच. म्हणून तेलाच्या लोणच्यात प्रत्येक शेंग सारखी तिखट लागते, तर व्हिनेगरमधली शेंग आधी सौम्य वाटते आणि चिरलेल्या मिरचीचा तुकडा दाताखाली आला की मग कळते. पाण्यातल्या प्रकारात अख्खी मिरची टाकून उपयोग नाही. ती उभी चिरूनच घालावी.

व्हिनेगरमधील प्रकार. अमेरिकेत हा प्रकार घरोघरी ओळखीचा आहे. तिथे त्यात शेपूची फुले आणि लाल मिरचीचे तुकडे घालतात. शेपू आपल्याकडे मुगाच्या डाळीबरोबर भाजी होऊन येतो आणि निम्मे घर नाक मुरडते, पण या बरणीत त्याची एक काडी घातली तर शेंगेचा हिरवट वास निघून जातो. घालून पाहण्यासारखी आहे.

परदेशी कृतीत पाच टक्के आम्लाचे व्हिनेगर आणि तेवढेच पाणी असे प्रमाण असते. ते जसेच्या तसे उचलू नये. भारतीय मानकांप्रमाणे व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आम्ल किमान ३.७५ टक्के असावे लागते, आणि किराणा दुकानातल्या पांढऱ्या बाटलीवर बहुधा चार टक्के छापलेले असते. त्यात निम्मे पाणी घातले की द्रावण दोन टक्क्यांवर उतरते. मूळ कृतीचे अडीच टक्के गाठायचे तर चार टक्क्यांच्या पाच वाट्या व्हिनेगरला तीनच वाट्या पाणी घालावे. अर्धा किलो शेंगांना ३०० मिलिलिटर व्हिनेगर, १८० मिलिलिटर पाणी आणि ३० ग्रॅम मीठ पुरते. मीठ जाडे, खड्याचे घ्यावे. बारीक मीठ मोकळे राहावे म्हणून त्यात जे घातलेले असते, त्याने द्रावण गढूळ दिसते.

काचेच्या दोन बरण्या दहा मिनिटे पाण्यात उकळून घ्याव्यात. शेंगा बरणीच्या उंचीपेक्षा बोटभर कमी कापून उभ्या, दाटीने बसवाव्यात. काडेपेटीत काड्या बसतात तशा. मध्ये उभ्या चिरलेल्या तीन-चार ओल्या लाल मिरच्या, लसणाच्या दोन पाकळ्या, चमचाभर मोहरी, थोडी मिरी. व्हिनेगर, पाणी, मीठ उकळून गरम असतानाच वर ओतावे आणि तोंडाशी सेंटिमीटरभर जागा सोडावी. बरणीच्या कडेने चमच्याची दांडी फिरवली की अडकलेले बुडबुडे वर येतात. शेंगा द्रावणाबाहेर डोकावता कामा नयेत.

बाहेर साठवायचे तर बंद बरण्या उकळत्या पाण्यात बुडवून ठेवाव्या लागतात. त्याची वेळ समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर ठरते, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते. जळगाव, धुळे, नंदुरबार ही तिन्ही शहरे ३०० मीटरच्या आत आहेत, तिथे पाच मिनिटे पुरतात. तोरणमाळावर मात्र दहा मिनिटे. यासाठी झाकण पक्के हवाबंद होणारे लागते, आणि जॅमच्या जुन्या बाटलीचे झाकण त्या कामाचे नसते. त्यामुळे साध्या घरासाठी सल्ला एकच: बरणी गार झाली की फ्रिजमध्ये ठेवावी आणि आठवडाभराने उघडावी.

दोन गोष्टींनी लोक घाबरतात. हिरवीगार शेंग चार दिवसांत ऑलिव्ह फळासारखी मळकट हिरवी होते. आम्लाने हरितद्रव्य बदलते, बाकी काही नाही. आणि लसूण कधीकधी चक्क निळा पडतो. तोही आम्लाचाच खेळ, खायला हरकत नाही.

खारातील प्रकार. यात बाहेरून आंबट घालतच नाहीत. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम मीठ घेऊन त्या खारात शेंगा, मिरची आणि लसूण बुडवून ठेवतात. भाजीवरचे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू काम सुरू करतात. दोन-तीन दिवसांत खार धुरकट होतो, बुडबुडे येतात, आणि बरणीला कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू येते. या कामाला १८ ते २२ अंश तापमान सर्वांत मानवते. खानदेशात ते फक्त मार्गशीर्ष-पौषात मिळते. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ वर जातो तेव्हा हा उद्योग करू नये. त्या उन्हात शेंग आंबण्याआधी लिबलिबीत होते.

शेंगा खाराखाली दाबून ठेवायला स्वच्छ धुतलेली छोटी वाटी किंवा पाण्याने भरलेली बाटली चालते. चिनीमातीच्या बरणीला दादरा बांधावा, म्हणजे हवा आत-बाहेर जाते आणि चिलटे बाहेर राहतात. वर पातळ पांढरी साय धरली तर ती बहुधा यीस्टची असते, काढून टाकावी. काळी, हिरवी किंवा केसाळ बुरशी आली तर मात्र बरणी रिकामी करावी, वरचे काढून खालचे वाचवू नये. हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांत शेंग आंबट होते. सामू मोजायच्या कागदी पट्ट्या स्वस्त असतात. खार ४ च्या खाली आला की बरणी फ्रिजमध्ये हलवावी. यात शेंगा कच्च्याच घातलेल्या असतात, म्हणून ताटात घेण्याआधी खाराच्या दोन चमच्यांसह नीट शिजवाव्यात आणि वर हिंग-मोहरीची फोडणी द्यावी.

तेलाचा प्रकार. दिसायला सर्वांत ओळखीचा, आणि म्हणूनच सर्वांत जपून करण्याचा. उकळून कोरड्या केलेल्या अर्धा किलो शेंगांचे बोटभर तुकडे, ६० ग्रॅम मीठ, १५० मिलिलिटर लिंबाचा रस, दोन मोठे चमचे आमचूर, ५० ग्रॅम मोहरीची डाळ, वाटलेली ओली लाल मिरची आपल्या जिभेप्रमाणे, हळद, हिंग, किंचित तळलेली मेथीपूड आणि वाटीभर शेंगदाण्याचे तेल. आमचूर धडगावकडचा मिळाला तर पाहायलाच नको. सातपुड्यात कैरीच्या फोडी उन्हात वाळवून तो करतात. कैरीचे आम्ल शेंगेला असे उसने मिळते.

अहिराणीत डाळीची ‘दाय’ होते, पण मोहरीची डाळ कशीही म्हणा, तिचा झणका तेलाच्या तापावर अवलंबून असतो. मोहरी भरडून ओली झाली की तिच्यातल्या विकराने तिखट वास सुटतो. हे विकर उष्णतेने मरते. कडकडीत तेल थेट मोहरीवर ओतले तर लोणचे दिसते छान, पण नाकात जात नाही. तेल तापवून पूर्ण गार करावे, मगच घालावे.

‘वर तेल तरंगत असले की लोणचे टिकते’ हा कैरीचा नियम. तेल हवा अडवते, त्यामुळे बुरशी धरत नाही. पण बोट्युलिझमचा जंतू हवा नसलेल्या जागीच वाढतो. आंबट कमी असलेल्या शेंगांवर तेलाचा थर म्हणजे त्याला आयतीच खोली. त्याचे विष वासाने, रंगाने किंवा चवीने ओळखू येत नाही. त्याचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. त्यासाठी १२१ अंशांचे तापमान लागते, आणि घरच्या कुकरची शिट्टी त्याची हमी देत नाही. म्हणून लिंबू कमी करून मीठ वाढवणे, किंवा ‘फार आंबट झालं’ म्हणून गूळ-पाणी घालणे हे या लोणच्यात चालत नाही. बरणी फ्रिजमध्ये ठेवावी आणि महिनाभरात संपवावी. एवढेसे लोणचे महिनाभर उरतही नाही.

ताटात. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर तेलातली शेंग, वरण-बट्टीबरोबर व्हिनेगरमधली, आणि कढी-फुनक्यांबरोबर (फुनके म्हणजे वाटल्या डाळीचे वाफवलेले मुटके) खारातली फोडणी दिलेली, अशी जोडी जमते. बट्टीवर तूप सढळ असते, तिथे व्हिनेगरची शेंग जीभ धुऊन काढते. भरतासोबत मात्र यांपैकी काहीच घेऊ नये. हिरवी मिरची घातलेले वांग्याचे भरीत आपल्या शेजारी दुसरे तिखट सहन करत नाही.

बरणीतल्या शेंगा संपल्यावर उरलेल्या व्हिनेगरमध्ये नव्या शेंगा टाकण्याचा मोह होतो. पहिल्या शेंगांनी आपले पाणी सोडून ते आधीच पातळ केलेले असते, म्हणून ते टाळावे. तेच दोन चमचे उभ्या चिरलेल्या कांद्यावर घालून पाच मिनिटे मुरू द्यावेत.